लॅटिन बायबलच्या विस्मृत भागीदार

जुन्या करारातल्या एस्तेरच्या पुस्तकाचा हिब्रूतून लॅटिन अनुवाद हातावेगळा केल्यावर जेरोमने त्याला एक छोटी प्रस्तावना जोडली. ती दोन बायकांना उद्देशून आहे : पॉला आणि युस्टोकियम, आई आणि लेक. तुम्ही हिब्रू ग्रंथांचं भांडार धुंडाळलं आहे, अनुवादकांचे आपसातले वाद पारखले आहेत; आता मूळ हिब्रू एस्तेर हातात घ्या आणि माझा अनुवाद शब्दाला शब्द लावून तपासा, म्हणजे मी पदरचं काही घातलेलं नाही हे तुम्हाला कळेल, असं तो त्यांना सांगतो. हे सांगणारा माणूस चौथ्या-पाचव्या शतकातल्या लॅटिन ख्रिस्ती जगातला सर्वांत मोठा भाषापंडित होता. पाश्चात्त्य चर्चमध्ये हिब्रू जाणणारे पुरुष तेव्हा हाताच्या बोटांवर मोजावेत इतके होते. ऑगस्टीनसारख्या थोर धर्मशास्त्रज्ञालाही ती भाषा येत नव्हती. जेरोमला आपलं काम तपासून घ्यायचं होतं आणि ते तपासण्याची ताकद त्याच्या घराशेजारच्या दोन बायकांमध्ये होती.

जेरोमचं जे चित्र जगाच्या मनात ठसलं आहे, त्यात या बायका नाहीत. १५१४ मध्ये ड्यूररने कोरलेलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे. अभ्यासिकेत एकटा म्हातारा लिहीत बसला आहे, खिडकीपाशी कवटी आहे, पुढ्यात सिंह पहुडला आहे. लॅटिन बायबल म्हणजे वल्गेट. पश्चिम युरोपने हजार वर्षांहून जास्त काळ हेच बायबल वाचलं, गायलं, घोकलं. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने कॅथलिक चर्चसाठी त्यालाच प्रमाण ठरवलं. एवढा मोठा ग्रंथ एकट्या जेरोमची कमाई म्हणून सांगितला जातो. त्याची मेहनत अफाट होती यात शंका नाही. पण ते काम कुणी मागितलं, कुणी त्याचा खर्च उचलला, कुणी ते तपासलं आणि कुणी त्याला स्वस्थ बसू दिलं नाही, हे विचारलं की दरवेळी उत्तरात बायकांची नावं येतात. हे मी आधुनिक काळाच्या सोयीने म्हणत नाही. जेरोमने स्वतःच ते पानोपानी लिहून ठेवलं आहे.

या बायका ज्या परंपरेत वाढल्या, तिच्या आरंभी स्त्रियांचा आवाज चांगला खणखणीत होता. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या दांपत्याने अपुल्लो नावाच्या विद्वान वक्त्याला जवळ बसवून ख्रिस्ती मार्ग नीट समजावून दिला, अशी नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे आणि तिथे बायकोचं नाव आधी आलं आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल फिबी या सेविकेची शिफारस करतो आणि युनियाला प्रेषितांमध्ये नामवंत म्हणतो. पुनरुत्थानाची पहिली बातमी शिष्यांना सांगितली ती मग्दालीया मरीयेने. पण त्याच नव्या करारात तीमथ्याला लिहिलेलं एक पत्र आहे. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार गाजवू नये, असं ते बजावतं. पुढची अनेक शतकं भाष्यकारांनी हे दुसरं वचन उचलून धरलं आणि पहिल्या नोंदी त्याच्या मापाने कापल्या. इ.स. ५९१ च्या सुमारास पोप ग्रेगरीने एका प्रवचनात मरीयेला लूकच्या शुभवर्तमानातल्या पापी स्त्रीशी एकरूप केलं आणि पश्चिमेत तिची तीच ओळख रूढ झाली. जेरोमचा समकालीन योहान क्रिसोस्तम युनियाला बाई म्हणूनच गौरवत होता. पुढे मात्र तिला पुरुष ठरवण्यात आलं. ग्रीक नव्या कराराच्या प्रमाण आवृत्तीत १९२७ पासून तिचं नाव पुरुषाचं म्हणून छापलं जात होतं, ते १९९८ मध्ये पुन्हा बाईचं झालं.

चौथ्या शतकात हे पुसण्याचं काम सुरू झालेलं होतं. शिकवण्याची बंदी सगळ्यांना तोंडपाठ होती. अशा काळात रोममध्ये मार्सेला राहत होती.

मार्सेला मोठ्या खानदानी घरातली. लग्नानंतर सात महिन्यांत नवरा गेला. सेरेअलिस नावाच्या वृद्ध, माजी कॉन्सलने तिला मागणी घातली. आपली सगळी मालमत्ता तिच्या नावे करायलाही तो तयार होता. आई अल्बिनाला हे स्थळ पसंत होतं. मार्सेलाने उत्तर दिलं, की मला लग्न करायचंच असतं तर मी नवरा शोधला असता, वारसाहक्क नाही. अव्हेंटाइन टेकडीवरच्या आपल्या वाड्यात तिने साधं, व्रतस्थ आयुष्य सुरू केलं. भारी वस्त्रं, दागिने सोडले. इजिप्तमधल्या वाळवंटी तपस्व्यांच्या हकिगती तिने रोमला आलेल्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूंकडून ऐकल्या होत्या. हळूहळू तिच्याभोवती विधवा आणि अविवाहित स्त्रिया जमल्या. स्तोत्रं म्हणणं, उपास, दानधर्म आणि या सगळ्याच्या जोडीला बायबलचा अभ्यास, अशी या वाड्याची दिनचर्या होती.

जेरोम ३८२ मध्ये एका धर्मपरिषदेच्या निमित्ताने रोमला आला, तेव्हा हा गट आधीपासून वाचत होता, विचार करत होता. बायकांनी विद्वानाकडे येऊन विद्या मागितली, अशी ही गोष्ट नाही. अभ्यास करणाऱ्या एका मंडळाला आपल्या अडलेल्या प्रश्नांसाठी हिब्रू जाणणारा माणूस सापडला. जेरोमला पोप दमाससने आपल्या कामासाठी ठेवून घेतलं आणि लॅटिन शुभवर्तमानं सुधारण्याचं काम सोपवलं. खानदानी बायकांच्या नजरेस पडायला तो संकोचत होता. मार्सेलाने चिकाटीने त्याचा संकोच मोडून काढला, असं तोच सांगतो.

मग प्रश्नांचा ओघ सुरू झाला. देवाला हिब्रूत कोणकोणत्या दहा नावांनी संबोधलं आहे? आमेन, हालेलुया, मारानाथा हे शब्द अनुवादात तसेच का ठेवले? स्तोत्रांमध्ये मधूनच ‘सेला’ येतं ते कशासाठी? याजकाचं एफोद म्हणजे नेमकं काय? पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या ज्या पापाला क्षमा नाही, ते पाप कोणतं? ओतूनच्या रेटिसियस नावाच्या बिशपाने गीतरत्नावर लिहिलेलं भाष्य वाचण्यासारखं आहे का? मोंतानसच्या पंथाचा एक माणूस योहानाच्या शुभवर्तमानातली वचनं दाखवून पटवू पाहतो आहे, त्याला काय उत्तर द्यावं? भाविक मनाच्या समाधानासाठी विचारलेले हे प्रश्न नव्हेत. मूळ पाठ, पाठभेद, अर्थ आणि अनुवादाची पद्धत यांवरचे ते नेमके प्रश्न आहेत. तू मोठमोठे प्रश्न विचारून मला डिवचतेस आणि विचारता विचारता आळसावलेल्या बुद्धीला शिकवतेस, अशा अर्थाचं जेरोमने तिला एका पत्रात लिहिलं आहे.

याहून स्पष्ट कबुली गलतीकरांस पत्रावरच्या त्याच्या भाष्याच्या प्रस्तावनेत आहे. रोममध्ये असताना मार्सेला भेटली आणि तिने शास्त्रातलं काही विचारलं नाही, असं कधी झालं नाही, असं तो लिहितो. पायथागोरसचे शिष्य गुरूने सांगितलं की मान डोलवत. मार्सेला तसं करत नसे. नुसत्या अधिकारवाणीने दिलेलं उत्तर तिला चालत नसे, कारण द्यावं लागे, आणि तेही ती पारखून घेई. आपल्यासमोर शिष्या नसून न्यायाधीश बसली आहे, असं त्याला वाटू लागलं होतं.

मार्सेलाला उद्देशून जेरोमने लिहिलेली दीड डझनाच्या आसपास पत्रं आज उपलब्ध आहेत. मार्सेलाने जेरोमला लिहिलेलं एकही पत्र नाही. तिचे प्रश्न आपल्याला त्याच्या उत्तरांमधून उकलावे लागतात. उत्तरं जपून ठेवली गेली, शतकानुशतकं मठांमधून त्यांच्या नकला झाल्या, छापखाना आल्यावर ती छापली गेली. ज्या प्रश्नांमुळे ती जन्माला आली, त्यांची नक्कल करून ठेवणं कुणाला गरजेचं वाटलं नाही. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. प्रश्न हासुद्धा अर्थ लावण्याचाच एक भाग आहे. वाचणाऱ्याची नजर कुठे अडली, कोणतं स्पष्टीकरण तिला अपुरं वाटलं, दोन वचनांमधली कोणती विसंगती तिने हेरली, हे सगळं प्रश्नात असतं. तो हरवला की अर्धा वाद हरवतो आणि उरलेला अर्धा प्रवचनासारखा वाटू लागतो.

मार्सेलाच्या मृत्यूनंतर जेरोमने तिची सहचरी प्रिन्सिपिया हिला जे पत्र लिहिलं, त्यात या सगळ्या कहाणीचं मर्म आहे. जेरोमने रोम सोडल्यावर तिथे शास्त्रातल्या एखाद्या मुद्द्यावर वाद झाला की लोक मार्सेलाकडे निवाड्यासाठी जात. त्यात धर्मगुरूही असत. ती उत्तर देई. पण जे स्वतःचं मत असे, तेही आपलं म्हणून सांगत नसे. हे जेरोमचं, हे आणखी कुणाचं, असं म्हणून ती ते पुढे करी. शिकवत असतानाही आपण शिकणाऱ्याच आहोत असं दाखवी. कारण तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातली बंदी तिला ठाऊक होती, आणि विचारायला आलेल्या पुरुषांचा, त्यातही याजकांचा, मान दुखावू नये असं तिला वाटे. जेरोम हे तिच्या शहाणपणाचं लक्षण म्हणून कौतुकाने सांगतो.

आज वाचताना या कौतुकाने मन अस्वस्थ होतं. उत्तर तिचं, नाव पुरुषाचं. याचा परिणाम काय झाला असेल, त्याचा विचार करावा. रोममध्ये त्या काळी जेरोमची म्हणून जी मतं फिरत होती, त्यातली काही मार्सेलाची होती आणि ती कोणती, हे आता कधीच वेगळं काढता येणार नाही. अनेक बायकांची मतं इतरांनी लाटली आहेत. इथे बंदीच्या धाकाने बाईला स्वतःच्या हातानेच आपलं नाव पुसावं लागलं. स्त्रियांनी धर्मग्रंथांवर काही लिहिलंच नाही, असं कुणी म्हणालं की मला मार्सेला आठवते. तिने अर्थ लावला, न्याय दिला, विद्वानांची अडचण सोडवली आणि बंदीचा मान राखून सही मात्र दुसऱ्याची केली.

याच गटात पॉला होती. ३४७ मध्ये जन्मलेली, सिपिओ आणि ग्रॅकस या घराण्यांशी नातं सांगणारी, अमाप श्रीमंत. नवरा वारला तेव्हा तिला पाच मुलं होती : ब्लेसिला, पॉलिना, युस्टोकियम, रूफिना आणि धाकटा टोक्सोटियस. थोरली ब्लेसिला ऐन विशीत विधवा झाली. एका आजारातून उठल्यावर तिने थाटामाटाचं जगणं सोडून कडक व्रतं धरली आणि थोड्याच महिन्यांत हिब्रूत एवढी प्रगती केली की पाठांतरात ती आईशी चुरस करू लागली. ३८४ मध्ये ती गेली. अंत्ययात्रेत पॉला शुद्ध हरपून पडली. रोममध्ये कुजबुज सुरू झाली, की या संन्याशांनी उपासतापास करायला लावून पोरीचा जीव घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप दमासस वारला आणि जेरोमचा पाठीराखा नाहीसा झाला. पॉलाच्या घरी त्याच्या येण्याजाण्यावरून बदनामी झाली. ३८५ च्या ऑगस्टमध्ये त्याने कायमचं रोम सोडलं.

काही काळाने पॉलाही निघाली. तिच्या निघण्याचा प्रसंग जेरोमने पुढे तिच्या स्मरणार्थ युस्टोकियमला लिहिलेल्या दीर्घ पत्रात रंगवला आहे. भाऊ, नातलग, मुलं तिला बंदरावर पोचवायला आली होती. शिडं फुगली, वल्ही चालू लागली. किनाऱ्यावर छोटा टोक्सोटियस हात पसरून विनवत होता. लग्नाच्या वयाची रूफिना तोंडाने काही बोलत नव्हती, नुसती रडत होती; माझ्या लग्नापर्यंत तरी थांब, एवढंच तिच्या रडण्यात होतं. पॉलाने कोरडे डोळे आभाळाकडे लावले आणि ती गेली. जेरोमला यात श्रद्धेचा विजय दिसला. आपल्याला त्या दोन मुलांकडेही पाहावं लागतं. पॉलाने निवडलेल्या आयुष्याची किंमत तिच्याबरोबर त्यांनीही मोजली, आणि त्यांचं म्हणणंही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

सायप्रस, अंत्युखिया, यरुशलेम, बेथलेहेम, मग इजिप्तमधल्या नित्रियाच्या तपस्व्यांचं दर्शन, असा प्रवास करून पॉला, युस्टोकियम आणि जेरोम ३८६ मध्ये बेथलेहेमला स्थिरावले. पॉलाच्या पैशातून पुरुषांसाठी एक मठ, स्त्रियांसाठी तीन मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभी राहिली. जेरोमला पुढची चौतीस वर्षं जे छप्पर, जी शांतता आणि जी ग्रंथसामग्री लाभली, तिचा पाया या बाईच्या तिजोरीने घातला. तिने इतकं दिलं, की मरताना ती लेकीच्या डोक्यावर मोठं कर्ज ठेवून गेली.

पैसा दिला एवढंच सांगून पॉलाला बाजूला सारण्याची पद्धत जुनी आहे. तिचा खरा वाटा अभ्यासातला आहे. तिच्या मठातल्या स्त्रिया पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत दिवसात सहा वेळा एकत्र जमून स्तोत्रं गात. संपूर्ण स्तोत्रसंहिता पाठ असणं प्रत्येकीला बंधनकारक होतं आणि रोज शास्त्रातलं काही ना काही शिकावं लागे. पॉलाने जेरोमला भरीला घालून त्याच्याबरोबर जुना आणि नवा करार आद्यंत वाचून काढला. तो अर्थ सांगत जाई. कुठे अडला आणि मला माहीत नाही असं प्रामाणिकपणे म्हणाला, तरी ती सोडत नसे. इतक्या मतांपैकी तुला जास्त संभवनीय कोणतं वाटतं ते तरी सांग, असा तिचा धोशा असे. हिब्रूच्या बाबतीत जेरोम स्वतःशी तिची तुलना करतो. आपण तरुणपणी घाम गाळून ही भाषा थोडीफार कमावली आणि सुटून जाईल या भीतीने अजून घोकत असतो. पॉलाने मात्र मनावर घेतलं आणि ती हिब्रू स्तोत्रं अशी म्हणू लागली की उच्चारात लॅटिनची छटाही उरली नाही, अशी त्याची साक्ष आहे. युस्टोकियमचंही तेच.

आता त्याच्या ग्रंथांच्या सुरुवातीची पानं पाहावीत. गलतीकर, इफिसकर, तीत आणि फिलेमोन यांच्या पत्रांवरची भाष्यं पॉला आणि युस्टोकियम यांच्यासाठी लिहिली आहेत. लूकच्या शुभवर्तमानावरची ओरिगेन या ग्रीक धर्मशास्त्रज्ञाची प्रवचनं त्यांच्याच मागणीवरून त्याने ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणली. यशयाच्या अनुवादाची प्रस्तावना त्या दोघींना उद्देशून आहे. यहोशवा, शास्ते आणि रूथ यांच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की पॉलाच्या निधनानंतर युस्टोकियमला नाही म्हणणं शक्य नव्हतं, म्हणून हे काम पुरं केलं. यशया आणि यहेज्केल यांवरची त्याची प्रचंड भाष्यं युस्टोकियमला अर्पण केलेली आहेत. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट स्तोत्रसंहितेची. रोममध्ये असताना जेरोमने तिची एक सुधारित प्रत केली होती. नकला करणाऱ्यांच्या चुकांनी ती पुन्हा बिघडली. हे पॉला आणि युस्टोकियम यांच्या ध्यानात आलं आणि शेत पुन्हा नांगरावं तसं हे काम नव्याने हाती घ्यायला त्यांनीच मला भाग पाडलं, असं तो प्रस्तावनेत लिहितो. त्यातून जी स्तोत्रसंहिता तयार झाली, ती पुढे गॉलमध्ये लोकप्रिय झाली म्हणून गॅलिकन म्हणवली गेली. वल्गेटमध्ये हीच स्तोत्रसंहिता आहे. मध्ययुगात मठामठांतून साधू आणि साध्वी दिवसरात्र जी लॅटिन स्तोत्रं गात, ती मुख्यतः हीच. पाठ बिघडला आहे हे ओळखून तो दुरुस्त करायला लावणाऱ्या बायकांना संपादक म्हणायला काय हरकत आहे?

बायकांसाठी ग्रंथ लिहितो म्हणून जेरोमची टवाळी होत असे. सफन्या संदेष्ट्यावरच्या भाष्याच्या आरंभी त्याने टीकाकारांना सुनावलं आहे. पुरुष गप्प होते तेव्हा हुल्दाने भविष्य सांगितलं, दबोराने शत्रूवर विजय मिळवून दिला, पुनरुत्थित प्रभू आधी स्त्रियांना दिसला, याची आठवण त्याने करून दिली आहे. प्रिन्सिपियाला लिहिलेल्या एका पत्रात तो म्हणतो, की पुरुषांनी शास्त्राबद्दल विचारलं असतं तर मी बायकांशी बोलत बसलो नसतो. या वाक्याला दोन धारा आहेत. बायका विचारत होत्या याची ती साक्ष आहे, आणि पुरुषांनी विचारणं हेच अधिक इष्ट होतं, हा त्याचा समजही त्यात आहे. जेरोम स्त्रियांचा कैवारी नव्हता. लग्नाची आणि संसारी बायकांची निंदा करणारी त्याची पानं कटू आहेत. मेलानिया ही रोमची आणखी एक खानदानी विधवा. जैतून डोंगरावर मठ स्थापणारी, ओरिगेनचे लाखो ओळींचे ग्रंथ पुनःपुन्हा वाचणारी अशी तिची ख्याती होती. आधी जेरोमनेही तिची स्तुती केली होती. ओरिगेनच्या मतांवरून वाद पेटला आणि ती रूफिनस या ओरिगेनच्या अनुवादकाच्या बाजूला राहिली, तेव्हा तिच्या नावाचा अर्थ ‘काळी’ होतो यावरूनच त्याने तिला दूषण दिलं. बाई आपल्या बाजूला असेपर्यंत तिची विद्या सद्गुण ठरे, विरुद्ध गेली की तीच विद्या दोष ठरे. त्याच वादात रोममध्ये जेरोमच्या पक्षाकडून जाहीरपणे उभी राहिली ती मार्सेला. रूफिनसने केलेला ओरिगेनचा अनुवाद, त्याच्या प्रती आणि साक्षीदार तिने पुढे आणले. ओरिगेनच्या मतांचा रोममध्ये जो निषेध झाला, त्याचं श्रेय जेरोम तिला देतो. कोणता पक्ष बरोबर होता हा प्रश्न वेगळा. चर्चच्या एका मोठ्या सैद्धांतिक लढाईत दोन्ही बाजूंना विदुषी होत्या, हे खरं.

३९३ च्या सुमारास जेरोमने ख्रिस्ती लेखकांचा एक कोश रचला. त्यात १३५ प्रकरणं आहेत. एकही बाईच्या नावाचं नाही. शेवटचं प्रकरण त्याचं स्वतःचं. तिथे आपल्या ग्रंथांच्या यादीत तो मार्सेलाला लिहिलेल्या पत्रांचा एक खंड नोंदवतो आणि पॉला व युस्टोकियम यांना लिहिलेल्या पत्रांची संख्या सांगता येत नाही, कारण ती रोजच लिहिली जातात, असं म्हणतो. रोज पत्रं जात होती, म्हणजे रोज येतही असणार. पॉला आणि युस्टोकियम यांच्या नावाने मार्सेलाला बेथलेहेमला बोलावणारं एकच सुंदर पत्र उरलं आहे. तेही जेरोमच्या पत्रसंग्रहात असल्यामुळे टिकलं आणि ते त्यानेच लिहिलं असावं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

पॉला २६ जानेवारी ४०४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी गेली. बेथलेहेमच्या जन्मगुहेशेजारी तिला पुरलं. तिच्यावरचं दीर्घ पत्र जेरोमने दोन रात्री जागून सांगितलं आणि दुसऱ्याकडून लिहवून घेतलं. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. सैनिक मार्सेलाच्या घरात घुसले आणि सोनं मागू लागले. तिने अंगावरचं जाडंभरडं वस्त्र दाखवलं. त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी त्या म्हातारीला दांडक्यांनी आणि चाबकांनी मारलं. तिने स्वतःसाठी दया मागितली नाही, तरुण प्रिन्सिपियाला आपल्यापासून तोडू नका, एवढीच विनवणी केली. दोघींना संत पौलाच्या बॅसिलिकेत पोचवण्यात आलं. थोड्याच काळात मार्सेलाने प्राण सोडला. युस्टोकियम ४१९ च्या आसपास आणि जेरोम ४२० मध्ये गेला.

त्यानंतर विस्मृतीचं काम सावकाश झालं. पॉला संत झाली, पण दानशूर विधवा म्हणून. पॅलेडियस नावाच्या समकालीन लेखकाने, जो जेरोमच्या विरोधी गोटातला होता, लिहून ठेवलं आहे की पॉला सगळ्यांच्या पुढे गेली असती, जेरोमच्या मत्सराने तिला अडवलं. हा आरोप पक्षपाती असेल, पण तिच्या कुवतीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती हे त्यातून दिसतं. सतराव्या शतकात थुर्बारानने जेरोमशेजारी पॉला आणि युस्टोकियम यांना बसवून चित्र काढलं. अशी चित्रं थोडी. सिंह असलेली अगणित. जेरोमच्याच काळातल्या एजेरिया नावाच्या स्त्रीने पवित्र भूमीच्या यात्रेचं स्वतः लिहिलेलं वर्णन १८८४ मध्ये इटलीतल्या अरेझ्झो इथे एकाच अपुऱ्या हस्तलिखितात सापडलं. तोवर तिचा ग्रंथ जगाला जवळजवळ अज्ञातच होता. शोधलं की सापडतं, हे तिच्यामुळे कळलं. या सगळ्या बायका वरच्या वर्गातल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही. पॉलाच्या तीन मठांमध्ये स्त्रियांची विभागणी कुळानुसार होती. ज्या दासींनी आणि गरीब स्त्रियांनी तीच स्तोत्रं पाठ केली, त्यांची तर नावंही उरली नाहीत.

या कहाणीचा एक धागा महाराष्ट्रात येतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा बेत निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. पंधराशे वर्षांपूर्वी मार्सेलाच्या वाटेत आलेली बंदी इथेही आडवी आली. रमाबाईंनी आपली सदसद्विवेकबुद्धी कुणा धर्मगुरूच्या हवाली करायला स्वच्छ नकार दिला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. त्याची छपाई मुक्तीतच, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याआधी अनुवाद पुरा झाला होता. १९२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मार्सेलाला जे उत्तर दुसऱ्याच्या नावावर टाकावं लागलं, ते रमाबाईंनी आपल्या नावाने दिलं. तरी रमाबाईंच्या चरित्रांत विधवाश्रम, दुष्काळातलं मदतकार्य, धर्मांतराचा वाद यांना पानंच्या पानं मिळतात आणि या अनुवादाला ओळी मिळतात.

जेरोमचा स्मृतिदिन, ३० सप्टेंबर, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन म्हणून जाहीर केला. त्या दिवशी त्याचं नाव घ्यावंच. पण मार्सेलाने त्याला उत्तरांची कारणं द्यायला लावलं, पॉलाने त्याला स्वस्थ बसू दिलं नाही आणि युस्टोकियमने आईच्या माघारी तोच आग्रह चालू ठेवला, हे ज्याने स्वतःच्या प्रस्तावनांत लिहिलं, त्याच्याविषयी बोलताना या तिघींना वगळणं म्हणजे त्याचीच साक्ष नाकारणं आहे. लॅटिन बायबलच्या इतिहासात त्यांची जागा आश्रयदात्यांच्या यादीत नाही, अभ्यासकांच्या यादीत आहे. आपल्याकडेही केडगावच्या त्या अनुवादाला मराठी ग्रंथांच्या इतिहासात तीच जागा मिळायला हवी, आणि ती द्यायची तर आधी तो ग्रंथ उघडून वाचायला हवा.